मी-पाहिलंय नावाची कुत्री

संध्याकाळी डोंगरावरून धुकं उतरायला लागलं, की माई रुवा मागच्या अंगणात येऊन हाक मारायची, "मी-पाहिलंय! ये गं बाई, मी-पाहिलंय!" आणि घाणेरीच्या कुंपणापलीकडे माई चेंगेचा थाळी घासणारा हात थांबायचा.

कुत्रीचं नावच ते. आमच्याकडे कुत्र्याचं नाव कुत्र्यासाठी नसतं, शेजाऱ्यासाठी असतं. सवत, जाऊ, थोरला दीर, ज्याच्याशी तोंडावर भांडता येत नाही त्याच्या कानी जायला हवं ते वाक्य कुत्र्याला ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ मोठ्यानं हाक मारायची. आमच्या गल्लीतच एक 'खाऊन-विसरले' आहे, एक 'बोला-अजून-बोला' आहे, आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याचं 'गरिबालाही-दात' तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटऱ्या धरतं. ऐकणाऱ्यानं ऐकायचं आणि गप्प बसायचं. चिडून विचारायला आला तो फसला. त्यानं कुत्र्याच्या नावाला ओ दिली, असं होतं. मग ते वाक्य कायमचं त्याचं.

पण ही कुत्री माई रुवाची नव्हतीच. पाहुणी होती.

माई रुवा म्हणजे रुवाची आई; लेक रुवा इंग्लंडला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, तेव्हापासून त्या घरात जनावरं उतरू लागली. मुतारे शहराच्या वेशीवर, दरीच्या रस्त्याला, प्राण्यांचा आसरा आहे. तिथली केरेसिया कधी पाय मोडलेला बोका आणून द्यायची, कधी पोत्यात बांधून टाकलेली पिल्लं. ती बरी झाली, अंगावर केस आले, कायमचं न्यायला कुणी भेटलं, की माई रुवा त्यांना निरोप द्यायची. दारापर्यंत जायची, फाटकापर्यंत नाही. फाटकापर्यंत गेलं की रडू येतं म्हणायची. गल्लीतल्या बायका चिडवायच्या, "माई, एवढी मांजरं ठेवतेस, रात्री चेटकिणीसारखी कुणावर बसून उडतेस?"

"तुझ्या नवऱ्यावर," ती म्हणायची. "उडतो हळू गं, पण खातो फार."

सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती माई चेंगे. कुंपणाच्या या बाजूला माई रुवा, त्या बाजूला माई चेंगे, आणि मध्ये घाणेरीच्या फुलांचे लाल-पिवळे गुच्छ. माई चेंगेचा नवरा जोहान्सबर्गला खाणीत, मुलं वसतिगृहात. तिच्या हातच्या नाचणीच्या आंबिलीला तोड नव्हती. दर शनिवारी कुंपणाच्या खिंडारातून ती आंबिलीचा मग पुढे करायची, आणि देण्याआधी स्वतः एक घोट घ्यायची. ती आमची रीतच आहे: पेय देणाऱ्यानं आधी चाखायचं, म्हणजे घेणाऱ्याच्या मनातलं भय उतरतं. माई चेंगे तो घोट असा घ्यायची, की ओठांवर तांबूस मिशी उमटायची. मग मिशीसकट म्हणायची, "घे. मेले तर तू माझी भांडी घे, जगले तर माझा मग परत दे."

तिची सासूही होती, आंबुया. आंबुयाचे पाय गेले होते, पण गळा शाबूत होता. मागच्या खोलीच्या खिडकीत बसून ती दिवसभर गायची, आणि रस्त्यावरून जाणारे हसत जायचे:

*आण पाणी सूनबाई, नदी नाही फार दूर,*
*माझ्या घशात उन्हाळा, तुझ्या घागरीला पूर.*

गेल्या वर्षीच्या थंडीत आंबुया गेली. "माझ्या हातांत गेली," माई चेंगे मयताला आलेल्या प्रत्येकाला सांगत होती, "पाणी पाजलं, आणि माझ्या हातांत गेली." नणंदांनी सगळ्यांसमोर तिचे हात धरून चुंबले. मयत पार पडल्यावर त्या खोलीच्या दाराला तिनं निळा रंग दिला. एवढा झळझळीत निळा, की आमच्या गल्लीत तसं दुसरं दार नाही.

यंदाच्या थंडीत, रिमझिम थांबायचं नाव घेत नव्हती तेव्हा, केरेसिया पिकअपमधून उतरली. हातात खोका, खोक्यात पिल्लं, आणि मागून दोरीला न ओढता, आपणहून चालत आलेली एक पिवळट कुत्री. बरगड्या मोजाव्यात अशी. डोळे मात्र शांत, आणि एकटक.

"माई, हिला ठेवाच," केरेसिया म्हणाली. "आसऱ्यात पिल्लांचा रोग शिरलाय. रक्ताची हगवण. काल खेळणारं पिल्लू आज थंड पडलेलं असतं. तिकडची मातीच नासलीय. यांना लस लागून अंगात मुरेपर्यंत परत आणायचं नाही. परत आणलंत, तर चादरीत गुंडाळून न्यावी लागतील."

"ठेवते गं. रडतेस कशाला? नाव काय हिचं?"

केरेसिया डोळे पुसता पुसता हसली. "तेच तर. मी-पाहिलंय."

"काय पाहिलंस?"

"मी नाही हो! कुत्रीचं नाव. मारांगे भागातली एक म्हातारी होती. तिची गाय कुणीतरी कापून नेली. म्हातारीनं पाहिलं, पण पंचांनी तिला विचारलंच नाही. म्हणून तिनं कुत्री पाळली, आणि मरेपर्यंत त्या घराकडे तोंड करून हाक मारली. म्हातारी गेली, कुत्री कबरीपाशी बसून राहिली, तिथंच व्याली. आम्ही हिला राणी म्हणून पाहिलं, साखर म्हणून पाहिलं. कान हलवत नाही. तेवढंच एक नाव घेतलं की आगीतूनही येईल."

"असू दे मग," माई रुवा म्हणाली. "मारांगेच्या चोराचं नाव. इथं कुणाला बोचणार आहे?"

त्याच संध्याकाळी तिनं पहिल्यांदा हाक मारली. माई चेंगे कुंपणापाशी भाजी खुडत होती, गप्पा रंगल्या होत्या. येणाऱ्या पौर्णिमेनंतर आंबुयाच्या आत्म्याला घरी आणायचा विधी होता, नणंदा येणार होत्या, बिअर गाळायची होती, आणि धाकटी नणंद कशी बसल्या जागी दोन कोंबड्या संपवते त्याची नक्कल माई चेंगे करत होती. माई रुवा हसून हसून वाकली. मग कुत्री भिंतीकडे भरकटलेली तिला दिसली.

"मी-पाहिलंय!" ती ओरडली. "मी-पाहिलंय, इकडे!"

माई चेंगेच्या हातातली जुडी खाली पडली.

"कुणी ठेवलं गं ते नाव?" तिनं विचारलं. आवाज हलका होता, पण नजर कुत्रीवर नव्हती. माई रुवावर होती.

आता इथं खरं काय ते सांगायला हवं होतं. मारांगे, गाय, म्हातारी. पण माई रुवा हसण्याच्या भरात होती, आणि अशा वेळी आमच्याकडे जे थट्टेनं म्हणतात तेच तिच्या तोंडून गेलं. "नाव कुणी ठेवलं ते सोड. ज्याचं आहे त्याला बरोब्बर कळतं!"

माई चेंगेही हसली. भाजी न उचलताच आत गेली.

त्यानंतर कुंपण दाट झालं. म्हणजे पानं तेवढीच होती, पण खिंडारापाशी कुणी येईना. कपडे वाळत घालायची दोरी माई चेंगेनं पुढच्या अंगणात बांधली. संध्याकाळी हाकेची वेळ झाली, की तिच्या घरात रेडिओवरची भजनं मोठ्यानं सुरू व्हायची, एवढी मोठ्यानं की शब्द फाटायचे. माई रुवाला वाटलं, विधीची धावपळ आहे. बाईला श्वास घ्यायला वेळ नाही. तिनं मीठ मागायच्या निमित्तानं दोनदा हाक दिली. दोनदा भजनांनीच उत्तर दिलं.

शनिवार आला आणि गेला. आंबील आली नाही.

कुत्री भरत चालली. पिल्लांचे डोळे उघडले, ती एकमेकांच्या शेपट्या चावू लागली. उरलेली दोन मांजरं कपाटावर बसून त्यांच्याकडे तुच्छतेनं बघायची. सगळं चांगलं चाललं होतं. फक्त त्या कुत्रीला एक खोड होती. पिल्लं निजली, की ती कुंपणापाशी जाऊन बसायची आणि घाणेरीच्या काटक्यांमधून पलीकडे बघत राहायची. भुंकायची नाही, गुरगुरायची नाही. मारांगेत तिला तेवढंच शिकवलं होतं: समोरच्या घराकडे तोंड करून बसणं. या कुंपणासमोर होतं ते निळं दार.

एका सकाळी त्या जागी कावळा मरून पडलेला सापडला. आमच्याकडचा पांढऱ्या छातीचा, धडधाकट कावळा. चोच उघडी, नख्या आवळलेल्या. शेजारी साद्झाचा गोळा, मक्याच्या पिठाचा, आणि त्यात दाबून भरलेली सुकी मासळी. एका कोपऱ्याला टोचल्याची खूण. मासळीच्या वासाखाली दुसरा एक वास होता. बाजारात बसस्टँडमागं पुडीत मिळतं त्या उंदराच्या औषधाचा.

माई रुवानं गोळा फावड्यानं उचलला, कावळ्यासकट खोल पुरला, वर दगड ठेवला. हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. चोर असतील, ती मनाशी म्हणाली. चोर असंच करतात, आधी कुत्रं मारतात. मग तिनं गोळ्याचा आकार आठवला. लाकडी पळीनं एका बाजूनं थोपटून गुळगुळीत केलेला, वर अंगठ्याचा खळगा. त्या आकाराचा साद्झा तिनं कितीतरी वेळा शेजारच्या चुलीपाशी बसून खाल्ला होता.

तिनं केरेसियाला फोन लावला.

"दुसरीकडे कुठं जागा नाही का गं?"

"माई, सगळी घरं भरलीत. आसऱ्यात आजही खड्डा खणला. काय झालं? चावली का कुणाला?"

"नाही. चावत नाही ती. बघते फक्त."

"मग बघू द्या की! बघायला काय पैसे पडतात?"

त्या दिवशी माई रुवानं नाव बदलून पाहिलं. रुवा म्हणून हाक मारली, लेकीच्या नावानं, जीभ जड झाली तरी. कुत्री कुंपणापासून हलली नाही. मग थाळी वाजवली. भूक होती तेव्हा आली, पोट भरलं होतं तेव्हा आली नाही. तेवढ्यात एक पिल्लू खिंडारातून पलीकडे जायला लागलं, कुत्री त्याच्यामागं, आणि माई रुवाच्या तोंडून भीतीनं तेच निघालं, "मी-पाहिलंय! मी-पाहिलंय!" कुत्री पिल्लाला तोंडात धरून धावत आली.

पलीकडे रेडिओ बंद झाला.

माई चेंगे कुंपणाशी येऊन उभी राहिली. रिमझिमीत डोक्यावर काही न घेता. कित्येक दिवसांत तिचा चेहरा जवळून दिसला नव्हता. गाल आत गेले होते.

"किती दिवस हाका मारणार आहेस?" ती म्हणाली.

"अगं, माई चेंगे..."

"नाही, सांग ना. नणंदा यायची वाट बघतेस? त्यांच्यासमोर मारायचीय? वर्षभर गप्प बसलीस आणि विधीच्या तोंडावर कुत्री आणलीस. मला वाटायचं, तू पाहिलंस पण गिळलंस. दर शनिवारी आंबील द्यायचे तेव्हा तुझ्या डोळ्यांत बघायचे, हिला ठाऊक आहे की नाही. हसायचीस. म्हटलं, देवमाणूस आहे."

"मी काय पाहिलं?" माई रुवानं विचारलं. तिला खरोखर ठाऊक नव्हतं, आणि विचारता विचारताच तिला वाटलं, विचारू नये.

"तुझ्या स्वयंपाकघरात दिवा होता. भर दुपारी. खिडकीत कुणीतरी हललं. मी कुलूप लावत होते, मान वर केली तर दिवा."

"कुठलं कुलूप?"

"म्हातारीच्या खोलीचं!" माई चेंगेचा आवाज चिरला, आणि मग एकदम इतका खाली गेला की माई रुवाला काट्यांत वाकावं लागलं. "माझ्या बहिणीच्या लग्नाआधीची बायकांची पंगत होती गं. एक दुपार. वर्षभरात एक दुपार मागितली मी. उघडं ठेवलं असतं तर सरपटत थंडीत बाहेर आली असती, म्हणून कुलूप लावलं. पाण्याचा तांब्या ठेवला, पण लांब ठेवला. चुकून ठेवला. नाचत बसले मी. परत आले तर दाराच्या आत पडलेली. दारावर नखांचे... सगळं दार..."

 निळं दार तिच्या पाठीमागे धुक्यात झळकत होतं.

"शिंपी मयताला मला म्हणाला, दुपारी तर किती छान गात होत्या! रस्त्यानं जाणारे सगळे म्हणाले, गात होत्या. ती पाणी मागत होती, माई रुवा. लोक हसत गेले."

कुत्रीनं पिल्लाला जमिनीवर ठेवलं आणि त्याचं डोकं चाटू लागली.

"मी नव्हते घरी," माई रुवा म्हणाली.  "देवाशपथ. माझ्या चुलत्याची माती होती, रुसापेला गेले होते. दिवा मांजराच्या पिल्लांना ऊब म्हणून लावून गेले होते. खिडकीत हललं ते मांजर असेल. ही कुत्री मारांगेची आहे, तिचं नाव दुसऱ्याच कुणाचं आहे. मी काहीच पाहिलं नव्हतं गं."

 माई चेंगेच्या डोळ्यांत आधी सुटका आली. मग ती सुटका हळूहळू थिजत गेली, चुलीवरून उतरवलेल्या पिठासारखी.

"म्हणजे तुला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "आता आहे."

"मी कुणाला सांगणार आहे?"

"तुला बायका ठाऊक नाहीत माझ्या सासरच्या. मुलं ठेवून घेतील. मला माहेरी धाडतील, म्हातारीचा आत्मा माझ्या पाठी लावून. विधीला आत्मा घरी येतो, तेव्हा तो दारातून येतो, माई रुवा. कुठल्या दारातून येणार तो?"

माई रुवानं काट्यांतून हात घालून तिचा हात धरला. हात थंड होता, आणि आवळला नाही. "ते नाव मी पुन्हा घेणार नाही," ती म्हणाली. "नणंदा असेपर्यंत तर नाहीच. थाळी वाजवीन. टाळी वाजवीन. तोंडानं घेणार नाही. तुझी शपथ."

"घेऊ नकोस," माई चेंगे म्हणाली. धमकी नव्हती ती, विनवणी होती. म्हणूनच माई रुवाच्या अंगावर काटा आला.

शपथ तिनं पाळली. कुत्रीला घरातच ठेवू लागली. दोरी बांधली तर कुत्री रडायची नाही, फक्त दाराकडे तोंड करून बसायची. लस टोचायला केरेसिया आली, पिल्लांचे कान ओढून म्हणाली, "बघा, ढेकणासारखी फुगलीत! अजून थोडे दिवस, माई. मग यांना कुठलाच रोग शिवणार नाही." माई रुवा हसली नाही. "काय हो, कुणाशी भांडलात का?" केरेसियानं विचारलं. "नाही," ती म्हणाली. "कुणीच भांडत नाहीये."

नणंदा शनिवारी दुपारी आल्या. गाडीतून मोठी मडकी उतरली, चटया उतरल्या, आरडाओरडा, टाळ्या, गळाभेटी. "वहिनी, काय वाळलीस गं! आमच्या आईच्या काळजीनंच ना?" थोरली म्हणाली, आणि सगळ्यांनी माई चेंगेला कवटाळलं. आंबुयाचं गाणं कुणीतरी सुरू केलं, *आण पाणी सूनबाई*, आणि बाकीच्यांनी उचलून धरलं. माई रुवानं खिडकी लावून घेतली.

कडी वाजली ती मागच्या दाराची. खिंडारातून वाट काढून माई चेंगे आली होती, दोन्ही हातांत मग धरून. आंबील घट्ट, तांबूस, कडेपर्यंत भरलेली.

"म्हटलं, सगळ्यांना दिली, तुला राहिली," ती म्हणाली. "किती शनिवार चुकले गं आपले."

"ये ना, बस."

"नको, त्या वाट बघतायत. घे. पी."

माई रुवानं दोन्ही हात जुळवून, गुडघे किंचित वाकवून मग घेतला, जसा घ्यायचा तसा. आणि घेतल्यावर तिच्या लक्षात आलं. माई चेंगेच्या ओठांवर मिशी नव्हती.

पिल्लं तिच्या पायांत घोटाळत होती. कुत्री आतून दोरी ताणून मगाकडे बघत होती. पलीकडे टाळ्यांवर गाणं चाललं होतं.

"तू नाही चाखलीस," माई रुवा म्हणाली. तिला हे हसत म्हणायचं होतं. "भांडी कुणाला मिळणार मग?"

माई चेंगेनं मगाकडे पाहिलं. एवढ्या वेळा घेतलेला एक घोट. तिनं मग परत घेतला, तोंडाजवळ नेला, आणि तिथंच धरून ठेवला. मगाची कड तिच्या खालच्या ओठाला टेकली होती. माई रुवाला हात पुढे करून मग पाडावा असं वाटत होतं, आणि हात उचलवत नव्हता.

"माशी पडलीय," माई चेंगे म्हणाली. "दुसरी आणते हं."

ती वळली. कुंपणापाशी, आपल्या बाजूला, तिनं मग मुळाशी पालथा केला, आणि मागे न बघता घरात गेली. दुसरी आंबील आली नाही.

दुपारभर माई रुवानं दार लावून ठेवलं. पिल्लांना परातीत वाळू दिली, कुत्रीला उकडलेली हाडं. मनात एकच गणित चाललं होतं. आसऱ्यात नेली तर मातीतून रोग लागेल. इथं ठेवली तर मातीतून विष. केरेसियाला सांगितलं तर ती विचारेल, कोण टाकतंय? आणि त्या प्रश्नाला उत्तर दिलं की नणंदांपर्यंत ते धुक्यासारखं आपोआप पोचेल. थोडेच दिवस, तिनं कुत्रीच्या कानात म्हटलं. थोडेच दिवस गं, मग तू दुसऱ्या गावी, दुसऱ्या अंगणात. तिथं कुणी काहीच केलेलं नसेल. कुत्रीनं तिचं मनगट चाटलं.

संध्याकाळी धुकं उतरलं. कोळसे आणायला माई रुवानं दार जरासंच उघडलं, आणि दोरीची गाठ, जी कुत्री दुपारभर चावत बसली असणार, सुटली. कुत्री तिच्या पायांमधून गेली. पळत नव्हती. आपल्या नेहमीच्या जागी जायला निघालेल्या माणसासारखी चालली होती.

कुंपणापाशी ती बसली नाही आज. नाक खाली गेलं. घाणेरीच्या मुळांशी तांबूस चिखल जमला होता, आंबिलीचा साका, अजून ओला. तिनं मान काटक्यांखालून घातली.

माई रुवानं थाळी वाजवली. कुत्रीचं शेपूट हललं, मान बाहेर आली नाही. तिनं टाळ्या वाजवल्या. पलीकडे शेकोटीभोवती बसलेल्या नणंदांना वाटलं, शेजारीण ताल धरतेय. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, हसल्या. निळ्या दाराच्या पायरीवर माई चेंगे बसली होती. शेकोटीचा उजेड तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. ती कुत्रीकडे बघत होती. मग तिनं मान वर केली, आणि काटक्यांमधून, धुक्यामधून, दोघींची नजर एकमेकींना भिडली. माई चेंगेनं मान हलवली. अगदी थोडी. नको.

माई रुवाच्या मागे, घरात, पिल्लं आईसाठी कुईकुई करायला लागली.

कुत्रीची जीभ बाहेर आली.

"मी-पाहिलंय!"

हाक एवढ्या जोरात गेली, की डोंगरानं ती परत पाठवली. *पाहिलंय, पाहिलंय.* कुत्रीनं झटक्यात मान काढली. काटे तिच्या कानाला ओरबाडून गेले. ती धावत आली, माई रुवाच्या पायांवर येऊन आदळली, जीभ कोरडी, नाकाला फक्त मातीचा ठिपका. माई रुवा खाली बसली आणि पदरानं तिचं नाक पुसत राहिली, पुसत राहिली.

पलीकडचं गाणं थांबलं होतं.

"हे काय गं नाव?" थोरल्या नणंदेचा आवाज. अजून हसराच. "वहिनी, शेजारीण कुणाला ऐकवतेय? आपल्यालाच की काय?"

कुणीतरी खुदकन हसलं. शेकोटीत लाकूड फुटलं. माई रुवानं तोंड उघडलं, मारांगे म्हणायला, गाय म्हणायला, काहीही म्हणायला. पण आता ते खरं नव्हतं. आता तिनं पाहिलं होतं: ओठाला टेकलेली मगाची कड.

पायरीवर कुणीतरी उठल्याचा आवाज झाला. निळं दार करकरलं.

आणि कुणी दुसऱ्यांदा विचारायच्या आत माई चेंगेनं ओ दिली.